राजांचा उकाडा आणि हौसाचा सोरा

सोरा करणाऱ्यांनी चार दिवसांत नदीकाठ सोडावा आणि भोंड्या माळावर राहायला जावं, असा नरसोजीराजांचा हुकूम सुटला. कारण काय, तर राजांना उकडत होतं.

उन्हाळा आपोआप येतो हे राजांना कधी पटलंच नाही. त्यांच्या मते तो कुणीतरी आणतं. यंदा कारभारी विसोबांनी त्यांच्या कानाला लागून सांगितलं, "महाराज, तोफेच्या दारूत सोरा असतो. म्हणजे सोऱ्यात आग आली. आणि त्या आगीचे ढीगच्या ढीग नदीकाठी पडलेत." झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

भोंड्या माळावर पाण्याचा थेंब नव्हता. खारी माती पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची, तेव्हा कुठे सोरा हाती लागतो. पाण्यावाचून सगळ्या वस्तीचा धंदाच बसणार होता. वस्तीतली हौसा तडक दरबारात गेली. तिच्या तोंडाला लागायची नदीकाठी कुणाची छाती नव्हती. बिचाऱ्या राजांना हे ठाऊक नव्हतं.

"महाराज, सोऱ्यात आग नाही," ती म्हणाली. "उलट तो गारवा देतो."

"असं? मग उद्या भर दुपारी तुझ्या सोऱ्यानं माझं सरबत गार करून दाखव. सरबतात त्याचा कण पडता कामा नये. घोट घेताच दातांतून कळ गेली पाहिजे. नाही गेली, तर चार दिवस कशाला, उद्याच चालू लागा."

"आणि गेली तर?"

"तर वस्ती जागची हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी हौसा गोणभर सोरा घेऊन आली. वाळ्याच्या सरबतानं भरलेल्या चांदीच्या सुरईचं तोंड तिनं फडक्यानं बांधलं. घंगाळात विहिरीचं पाणी घेतलं, त्यात सोरा ओतून ढवळला आणि सुरई त्यात गळ्यापर्यंत बुडवून गरगर फिरवू लागली. विसोबा खांबाआड उभे होते. स्फोट झालाच तर तो खांबाला व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

राजांनी घंगाळात बोट घातलं आणि चटकन काढून घेतलं. मग सरबताचा घोट घेतला आणि गालावर हात दाबला.

"गेली कळ," ते नाइलाजानं म्हणाले. "पण सरबतातली उष्णता गेली कुठे?"

"सोऱ्यानं घेतली, महाराज. विरघळायला त्याला ऊब लागते. ती त्यानं पाण्यातून ओढली, पाण्यानं सरबतातून. तुम्ही म्हणता तो उकाडा करतो, आणि तो तर उकाडा पितोय."

खांबाआडून विसोबा ओरडले, "पण गोणभर सोरा पाण्यात गेला! आता तोफांत काय घालायचं? महाराज, या नुकसानीपायी तरी हिला माळावर धाडा."

राजांच्या कपाळावर आठी चढली. हौसानं शांतपणे हात पुसले.

"पाणी परातींत ओता आणि गच्चीवर ठेवा. पाणी उडून जाईल, सोरा होता तसा खाली उरेल. तोफेत घाला, नाहीतर पुन्हा सरबत गार करा."

"आणि तो वाळवणार कोण?"

"हेच ऊन, महाराज. फक्त सोरा वाळेपर्यंत त्याला हद्दपार करू नका."

राजे हसले ते ठसका लागेपर्यंत हसले. नदीकाठ वस्तीला कायमचा इनाम मिळाला आणि सरबतखाना हौसाच्या ताब्यात आला. पराती गच्चीवर चढवायचं काम राजांनी विसोबांना दिलं, तेही भर दुपारी.