पहिला नगारा

एका राज्यात प्रतापधवल नावाचा राजा होता. चाळीस राजे त्याच्यापुढे मान तुकवीत. रिवाज असा, की सकाळी सूर्य दिसला की पहिला नगारा त्याचा वाजायचा. मगच इतरांनी आपल्या नगाऱ्याला टिपरू लावायचे. सात पिढ्या हे चुकले नव्हते.

एके सकाळी नदीपलीकडच्या टेकडीवरून चंपानगरीचा नगारा आधी वाजला. राजाच्या हातातला पेला गळून पडला. चंपानगरी ती केवढीशी! पण अलीकडे तिथे गलबते बांधली जात होती, कोठारे भरत होती. राजाला दरदरून घाम फुटला. त्याने कालजिव्ह मांत्रिकाला बोलावले.

मांत्रिक म्हणाला, "उपाय तीन. त्यांची नदी बांध. त्यांचे रान जाळ. त्यांच्या नगाऱ्याचा आवाज चोर. मात्र भयापोटी केलेल्या प्रत्येक कामाला तुझ्या राज्याभोवतीचा तट आत सरकेल."

राजाला वाटले, तट जवळ आला तर राखायला सोपा. मोठ्यांची अक्कल ही अशी!

नदी बांधली, तट शेते गिळीत आत आला. रान जाळले, दगड चालत बाजारपेठेत शिरले, लोक लेकरे कडेवर घेऊन पळाले. आवाज चोरून कुपीत कोंडला. तट राजवाड्याला भिडला. राजकन्या मेघावतीने खिडकीबाहेर हात काढला, तो दगडाला लागला. कुपी उशाशी असूनही राजाचे भय सरेना, आणि तट रोज बोटभर सरकतच राहिला.

"तात, श्वास कोंडतो," मेघावती म्हणाली.

पिंजऱ्यात एक साळुंकी होती. तिला खोटे बोलता येत नसे. ती म्हणाली, "कुपी फोड. उद्या त्यांना आधी वाजवू दे."

"चाळीस राजे काय म्हणतील?"

"लेक हवी की मान?"

राजाने कुपी फोडली. सकाळी तो टिपरू धरून गच्चीवर उभा राहिला. पलीकडे टेकडी उजळली, नगारा दणाणला. इकडे अजून अंधारच होता. बऱ्याच वेळाने उजेड राजाच्या पायांशी पोहोचला.

"सूर्य त्यांच्याकडे आधी दिसतो?" राजाने विचारले.

त्याचा म्हातारा नगारची म्हणाला, "नेहमीच, महाराज. सात पिढ्या ते उजेडात हात बांधून थांबत. मध्यंतरी त्यांच्याकडे नवा नगारची आला, त्याने सूर्य दिसताच वाजवले, एवढेच."

"मग सांगितले का नाहीस?"

"जीभ प्यारी होती, महाराज."

राजाला स्वतःची लाज वाटली. त्याने दुसरा नगारा वाजवला. तट गडगडत मागे गेला, शेते उघडी पडली, मेघावतीने पोटभर श्वास घेतला. त्याच दिवशी नदीचा बांध फोडला.

रान मात्र जळाले ते जळालेच. राजा रोज नदी ओलांडून तिथे एक रोप लावी, आणि पहिला नगारा ऐकूनच घरून निघे.