शेडमधली धूळ

"पण तात्या, डॉक्टर खात्रीनं का सांगत नाहीत?"

धोंडिबा तात्यांनी छिन्नी खाली ठेवली.

समोर बसलेला सुबराव हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. आता तो नावाजलेला मूर्तिकार होता. गेल्या बारा वर्षांत त्यानं गुरूला काही विचारलं नव्हतं.

आज विचारत होता, कारण त्याची बायको गौरा दवाखान्यात होती.

आधी तिच्या नाकातून रक्त यायचं. मग पायांवर लालजांभळे ठिपके उठले. गेल्या महिन्यात मूत्रपिंडं थकली. अंगातली राखण करणारी शक्तीच उलटलीय, डॉक्टर म्हणाले; ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उठलीय, त्या सुजल्यात.

घरी काय काम चालतं, तेही त्यांनी विचारलं. ग्रॅनाइटच्या मूर्ती, कापायचं मशीन, बंद शेड... आणि रोजची झाडलोट गौराची.

दगडाच्या बारीक धुळीनं हे सुरू होऊ शकतं, पण सगळ्यांना होत नाही, असं ते म्हणाले. हिला त्यानंच झालं, हे छातीठोक सांगता येणार नाही.

"मशीन तर माझ्या हातात असायचं," सुबराव म्हणाला. "मला काही झालं नाही. मग तिला धुळीनंच झालं, असं कसं म्हणायचं?"

तात्यांनी विचारलं,

"तिनं कधी काही सांगितलं होतं?"

सुबराव खाली बघू लागला.

"एकदा म्हणाली, कापताना दगडावर पाणी सोडत जावा, धूळ उडायची नाही, श्वास कोंडतो... मी म्हणालो, पाण्यात कापायची रेघ दिसत नाही. तू मला कला शिकवू नकोस."

"पाणी सोडायला खात्री लागत नव्हती, सुबराव."

सुबरावचे डोळे भरून आले. त्यानं तात्यांच्या पायांवर डोकं टेकायला मान वाकवली. तुम्ही तरी मला माफ करा, म्हणाला.

तात्यांनी पाय मागं घेतले.

भिंतीचा आधार घेत ते उठले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

"तुझ्या शेडमध्ये मी एकदा आलो होतो. तिनं चहा आणून दिला. तिच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी होती... मी मूर्तीचं कौतुक केलं आणि घरी आलो."

ते दाराकडं निघाले.

"तात्या, कुठं?"

"दवाखान्यात. आधी मी तिची माफी मागतो. तू माझ्या मागं उभा राहा."