पाचपट मीठ

वरदगडचे भीमदेव महाराज मनाने मोठे, पण बढाई मारण्यात त्याहून मोठे. एकदा शोधशाळेतल्या वैद्यांनी तापावरचं औषध शोधायला जादा रक्कम मागितली. महाराज भर दरबारात हसले. "शेजारचं चिमुकलं केळवली राज्य संशोधनावर वर्षाला हजार मोहरा खर्च करतं. आम्ही पाच हजार देतो, पाचपट! आणखी किती द्यायचं?"

वैद्य हिरमुसून परतले. ही गोष्ट मुदपाकखान्यात स्वयंपाक सांभाळणाऱ्या गोजराक्कांच्या कानावर गेली. महाराजांना लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी केळवलीचे वीस पाहुणे जेवायला आले. ते तिखट कमी खात, म्हणून त्यांची आमटी वेगळ्या पातेल्यात शिजली. पाहुणे मिटक्या मारत जेवू लागले. महाराजांनी मात्र पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

"आक्का, आमटी अळणी आहे! आणि आज पानात मीठसुद्धा वाढलेलं नाही!"

"अळणी कशी असेल? पाहुण्यांच्या पातेल्यात मी एक मूठ मीठ घातलं आणि आपल्या हंड्यात पाच मुठी. चांगलं पाचपट!"

"अहो, पण त्यांचं पातेलं वीस माणसांचं आणि आपला हंडा चारशे माणसांचा!"

"मग राज्यांचं काय वेगळं आहे, बाळराजे?"

महाराज आधी ओशाळले, मग खो खो हसत सुटले. "कळलं, आक्का! आता मीठ आणा."

"कुठे वाढू? पानात, की शोधशाळेत?"

"आधी शोधशाळेत," महाराज म्हणाले आणि ती अळणी आमटी मुकाट्याने ओरपू लागले.