मडगार्डावरची पाच बोटं

"ते सगळं राहू द्या वस्ताद, एवढंच सांगा... सगळ्यात टिकाऊ रंग कुठला?"

गाड्या रंगवणारे दस्तगीर वस्ताद बशीत चहा ओतत राहिले.

आता विचारणारे अभिनंदन मगदूम म्हणजे काही साधी असामी नव्हे. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत धातू तपासायची प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली. लोखंडाला गंज का चढतो यावर ते तासभर बोलायचे, आणि ऐकणाऱ्याला जांभई आली तर आणखी अर्धा तास बोलायचे. तेच मगदूम आज वस्तादांच्या पत्र्याच्या शेडात, मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काखेत मारून उभे होते.

मडगार्ड आप्पांच्या गाडीचं. आप्पा म्हणजे मगदूमांचे वडील, वय वर्षं एक्क्याऐंशी. याच गाडीवरून त्यांनी उभी नोकरी केली, याच गाडीवरून बायकोला माहेरी सोडलं आणि दोन दिवसांत करमेना म्हणून परत आणलं. मगदूमांनी गाडीला हौसेनं नवा रंग दिला. वर्षाच्या आत मडगार्डावर फोड आले. दुसऱ्या दुकानात दुसरा रंग दिला. पुन्हा फोड.

आणि कालच आप्पा म्हणाले होते, "तुझ्या पदव्या भिंतीवर बऱ्या दिसत्यात रं. ह्या खेपंला रंग उडाला, तर गाडी भंगारात घालणार."

आप्पा बोलले की करतात.

"पावडर कोटिंग करू?" त्यांनी फाईल उघडली. "का इपॉक्सी? का सरळ क्रोम मारायचं? हा बघा, हा रंग मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात हजार तास टिकलाय."

"आप्पा मिठाच्या फवाऱ्यातनं गाडी चालवत्यात व्हय?"

मगदूमांनी फाईल मिटली.

वस्तादांनी बशी खाली ठेवली, मडगार्ड मागून घेतलं आणि दाराच्या उजेडात तिरकं धरलं. रंगाखालून पाच फोड वर आले होते. चार ओळीनं, एक जरा बाजूला.

"पयल्या खेपंला कुठं फुगलं हुतं?"

"इथंच. म्हणजे बघा, मूळ पत्र्यातच दोष असणार. त्याचं कारण असं की..."

"हात ठेवा."

"काय?"

"उजवा. हितं."

मगदूमांनी हात ठेवला. चार फोड चार बोटांखाली गेले. पाचवा अंगठ्याखाली.

मगदूमांनी हात उचलून बघितला, परत ठेवला.

"दोन्ही येळंला दुकान येगळं?" वस्तादांनी विचारलं.

"वेगळं."

"रंग?"

"वेगळा."

"आन् हात?"

मगदूमांचा चेहरा पडला. दोन्ही वेळा ते मुद्दाम दुकानात जाऊन उभे राहिले होते. जुना रंग उतरून पत्रा लख्ख झाला की त्यांना राहवलं नव्हतं. आप्पांची गाडी ती! पत्र्यावर तळवा टेकवून त्यांनी तो कपाळाला लावला होता, खंडेनवमीला आपण हत्यारांना करतो तसा. हेच मगदूम प्रयोगशाळेत हातमोज्याशिवाय नमुन्याला बोट लावणाऱ्यावर डाफरायचे. पण घरच्या गाडीपुढं शास्त्र कुणाला आठवतंय!

"नमस्कार केला होता," ते हळूच म्हणाले. "मनापासून केला होता हो, वस्ताद."

"मनापासनं केला तरी हाताला घाम असतोयच की, साहेब. हितं रंग लोखंडाला लागलाच न्हाई. तुमच्या नमस्काराला लागला."

मगदूमांना रडावं की हसावं कळेना. शेवटी हसले, आणि मग वस्तादही मिशीत हसले.

"पण मग रंग कुठला?" मगदूम काही पिच्छा सोडायला तयार नव्हते.

"भट्टीचा काळा. भाजून पक्का हुतोय, आन् चरा पडला तर परत मारता येतोय. उद्या सकाळी या. फाईल घरी ठिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मडगार्ड तारेच्या आकड्याला टांगलेलं होतं. जुना रंग, गंज, सगळं गेलेलं. नुसता लख्ख, कोरा पत्रा. मगदूमांना एकदम आठवलं, लहानपणी शाळेच्या फाटकापाशी उभं राहिलं की लांबून हेच मडगार्ड आधी चमकायचं आणि मग आप्पा दिसायचे.

आणि हात गेला! तळवा टेकला, कपाळाला लागलासुद्धा.

"अरेरेरे..." मगदूमांनी जीभ चावली.

वस्तादांनी आकड्यासकट मडगार्ड उचललं आणि पुन्हा धुवायच्या टाकीत सोडलं.

तास गेला. मडगार्ड परत टांगलं गेलं. मगदूम या वेळी चार पावलं लांब उभे राहिले. मग तीन. मग दोन. मग "इथं जरा डाग राहिलाय का?" म्हणत त्यांनी बोट लावलं.

मडगार्ड पुन्हा टाकीत.

"वस्ताद, माझा हात बांधून ठेवा!"

"बांधल्याला हात सुटतोय की," वस्ताद म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

तिसऱ्यांदा मडगार्ड टांगलं तेव्हा दुपार झाली होती. मगदूमांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. बोटं वळवळत होती. डोळे भरले होते. त्यांनी नुसती मान खाली घातली... आणि तशीच ठेवली.

"हां," वस्तादांनी रंगाची गन उचलली. "आता लागंल."

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मगदूम त्याच गाडीवरून शेडाशी आले. मागं आप्पा, हँडलला झेंडूची माळ. आप्पा उतरले ते चष्मा पुसतच. मडगार्डाला नाक लावून त्यांनी इकडून तिकडं फोड शोधला. एकही सापडला नाही, तसे थोडे खट्टू झाले.

"बरा झालाय," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे गाडी."

आप्पांच्या तोंडून 'बरा'! मगदूमांना आभाळ ठेंगणं झालं. छाती फुगली, आवाज चढला.

"होणारच की आप्पा! किती रंग तपासले मी, किती अहवाल वाचले. शेवटी निवड कुणाची?"

स्टुलावर बसलेले वस्ताद बशीत चहा ओतत राहिले.

मगदूम आनंदाच्या भरात पुढं झाले आणि वस्तादांच्या पायांना हात लावायला वाकले.

वस्तादांनी चटकन दोन्ही पाय स्टुलावर ओढून घेतले.

"लांबनं साहेब, लांबनं... तुमचा रंग अजून वाळायचा हाय."