बुजवलेली पोकळी

पूर्वी वेत्रवती नगरीवर राजा सुषेण राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या एका स्थपतीच्या घरी जन्माला आला. तक्षशिलेहून विद्या शिकून परतताच त्याने नगराच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घालून तळे उभारले. तळे भरले आणि नगराने त्याला डोक्यावर घेतले. घरची वाट जवळची असूनही तो रोज बाजारातून वळसा घेई. "तो बघा आपला तळेवाला!" हे शब्द कानी पडले की त्याला जेवण गोड लागे.

कार्तिकात नौकोत्सवाच्या सकाळी त्याला बांधाच्या पायथ्याचा पाझर गढूळ दिसला. स्वच्छ पाझर प्रत्येक बांधाला असतो. गढूळ पाझर म्हणजे पाणी बांधाला आतून खाते आहे, हे तो जाणत होता. आणि खाली सारे नगर होते.

त्याने हे राजाच्या कानी घातले. राजा म्हणाला, "तळे तुझ्या हाती दिले आहे. रिकामे करायचे तर कर, पण लोकांना तोंड तूच दे."

तो तळ्याचे पाणी सोडायच्या मोरीपाशी आला, तेव्हा लोक नावा सजवून जमले होते. नावाड्यांचा मुखिया पुंडरीक ओरडला, "काय रे, तक्षशिलेला तळी भरायला शिकवतात की रिकामी करायला?"

"दोन्ही, काका," असे म्हणून त्याने मोरीचा दट्ट्या उपसला.

पाणी ओढ्याला लागले. नावा चिखलात कलंडल्या. आधी शिव्या आल्या, मग चिखलाचे गोळे. तळे तळाला गेले, तेव्हा बांधावर तो आणि त्याची आई सुनेत्रा, एवढीच उरली होती. त्याने बांध उकरला. आत माणूस बसेल एवढी पोकळी होती.

"थांब, बुजवू नकोस," आई म्हणाली. "उद्या सगळ्यांना इथं आणू. बघू देत डोळे फाडून, वेडा कोण ते!"

त्याचे फावडे थांबले. एक रात्र ती पोकळी उघडी ठेवली, की बाजार पुन्हा त्याचाच होता. त्याने डोंगराकडे पाहिले. तिथे अवकाळी ढग दाटले होते. मोरीला न पेलणारा लोंढा आला, तर बांध याच जागी फुटणार होता.

"आई, माती दे," तो म्हणाला.

दोघांनी चिकणमाती भरली, चोपून चोपून घट्ट केली. रात्री लोंढा आला, बांधाला धडकला आणि बांध उभा राहिला.

सकाळी लोक वर आले. पुंडरीकाने बांधावर पाय आपटून पाहिला. "बघा, कसा ठणठणीत आहे! उगाच आमचा उत्सव बुडवला."

बोधिसत्त्वाने वाकून पाझर पाहिला. तो स्वच्छ होता. मग तो जवळच्या वाटेने घरी गेला आणि पोटभर जेवला.

प्रवचन करताना श्रोत्यांचे चेहरे न्याहाळणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनात ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तो राजा म्हणजे आनंद, सुनेत्रा म्हणजे महामाया, आणि पुंडरीक म्हणजे सारिपुत्र. अशा शहाण्यालाही ती पोकळी दिसली नव्हती. ती बुजवणारा मी होतो. कोणी पाहो वा न पाहो, निश्चय ढळू द्यायचा नाही. हीच अधिष्ठान-पारमिता."