बदक आणि काळी बिअर

“...आणि सगळ्या चवी ओळखल्या, तर मला हाताखाली घेणार की नाही, फादर?”

फादर प्रोकोप बदकाची तंगडी मोडत होते.

विचारणारा शार्दूल खासनीस, नाशिकचा. तिकडच्या द्राक्षमळ्यांत वाइन चाखून निवाडा देणं हा त्याचा धंदा. त्याच्या जिभेला लोक मान देत. तोही देई, जरा जास्तच.

आता त्याला चेक पद्धतीची काळी लागर बिअर शिकायची होती. चेक देशातल्या या ख्रिस्ती मठात ती पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली, आणि फादर प्रोकोप सहसा कोणाला शिकवत नसत. शार्दूल नोकरी सोडून आला होता. नकार मिळाला असता तर घरी जायला तोंड नव्हतं.

दोघं मठाच्या खानावळीत बसले होते. समोर दोन ताटं, दोन पेले.

शार्दूलने पेल्यावरचा फेस पुरता बसू दिला. पेला उजेडात धरला. हुंगला. एक घोट तोंडात घोळवला आणि शेजारी मागून घेतलेल्या वाडग्यात थुंकला. पाण्याने चूळ भरली.

“करपलेल्या साखरेची झाक आहे,” तो म्हणाला. “पावाचा भाजलेला पापुद्रा. त्यामागे काळा मनुका... आणि अगदी शेवटी कॉफी.”

“बरोबर.”

“काही राहिलं?”

“नाही.”

शार्दूल खूश झाला. आजूबाजूला माणसं जेवत होती, पीत होती, मनगटाने ओठ पुसत होती. गाढवाला गुळाची चव काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“तुझं बदक निवतंय,” फादर म्हणाले.

“नंतर खाईन. त्यातलं शहाजिरं लागलं की जीभ बिघडते.”

“अस्सं.”

फादर उठले. त्यांनी त्याचा पेला उचलला, वाडगं उचललं, पाण्याचा ग्लासही उचलला, आणि सगळं नेऊन लांबच्या खिडकीत ठेवलं.

“जेव.”

“पण फादर, परीक्षा...”

“जेव.”

शार्दूलला राग आला. पण अडला हरी. तो मुकाट्याने जेवायला लागला.

बदकाची कातडी कुरकुरीत होती, आत चरबी. सोबत शिजवलेला आंबट कोबी, आणि वाफवलेल्या कणकेचे जाड काप, रश्श्यात बुडवून खायचे. पहिले दोन घास परीक्षकाचे होते. पुढचे भुकेल्याचे. जीभ जपायची म्हणून त्याने सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं.

घास मोठे होत गेले. बोटं तुपकट झाली. एक काप घशाशी अडला, आणि त्याचा हात आपसूक पुढे गेला. तिथे काहीच नव्हतं.

फादर त्या हाताकडे पाहत होते.

“काय हवंय?”

“...प्यायला.”

फादर स्वतः बिअरच्या पिंपाच्या नळाशी गेले. ताजा पेला भरून आणला, वर दाट फेस. शार्दूलने थांबून पाहिलं नाही. फेसातूनच तोंड लावलं आणि गिळलं. पुन्हा बदक, पुन्हा घोट. कोबी. घोट.



ताट स्वच्छ झालं. पेल्याच्या आतल्या कडांवर फेसाची वर्तुळं तेवढी राहिली.

“चव कशी होती?” फादरनी विचारलं.

शार्दूलने तोंड उघडलं. मघाची यादी तोंडपाठ होती. तीच पुन्हा म्हटली असती तर कोणी खोटं ठरवलं नसतं. त्याला नाशिक आठवलं, सोडलेली नोकरी आठवली.

त्याने रिकामा पेला बाजूला सारला.

“लक्ष नव्हतं, फादर,” तो म्हणाला. “संपली.”

फादरनी सावकाश हात पुसले.

“पहाटे कामावर ये. जुने बूट घाल.”