दीप्तांश किती धरायचे?

"आठ धरायचे की दहा, गुरुजी?"

फणसळकर गुरुजी सुपारी कातरत राहिले.

हेरंबनं पुन्हा विचारलं. आजऱ्याला गुरुजींकडे ज्योतिष शिकायला येण्याआधी तो कॉलेजात गणित शिकवायचा. अर्धवट उत्तर त्याला सोसत नसे.

समोर एक बाई बसल्या होत्या. मुलाची पत्रिका घेऊन आल्या होत्या. बापाशी भांडून मुलगा घरातून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तो वास्कोच्या बंदरावर कामाला आहे, एवढं आता कुठे कळलं होतं.

"मी बोलवायला गेले तर येईल का हो त्यो?" बाईंनी एवढंच विचारलं होतं.

हेरंब त्यांना समजावू लागला. "चंद्र म्हणजे आई. त्याच्याशी गुरूचा नवपंचम योग असता, तर येईल म्हटलं असतं. त्यासाठी दोघांत एकशेवीस अंशांचं अंतर लागतं. थोडं कमीजास्त चालतं. ती सूट म्हणजे दीप्तांश. कुणी आठ देतं, कुणी दहा. इथं फरक पडतोय नऊचा."

"मग?"

गुरुजींचा अडकित्ता चालूच होता. शेवटी हेरंबनंच ठरवलं.

"शिस्तीनं आठच धरायला हवेत. योग होत नाही. जाऊ नका तुम्ही."

बाई पदर तोंडाला लावून उठल्या. पत्रिका तिथेच राहिली.

गुरुजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"हेरंबा, बोलव त्यांना."

हेरंब पत्रिका घेऊन पायरीवर आला. बाई अंगणातच होत्या.

"अहो बाई!"

त्या थांबल्या नाहीत.

"अहो, ऐकलंत का? गुरुजी बोलावताहेत!"

त्या फाटकातून बाहेर पडल्या. रस्ता उतरून पुलावर गेल्या. हेरंब मागे धावला, पण बाई झपाझप चालत होत्या. त्यांनी पूल ओलांडला तेव्हा तो अजून अलीकडेच होता. खाली हिरण्यकेशीचं पाणी खळाळत होतं.

काय म्हणून हाक मारावी त्याला कळेना. त्यानं हातातली पत्रिका उघडली. सकाळपासून तो ती बघत होता. वरचं नाव त्यानं आता वाचलं.

"जयवंताच्या आई!"

बाई जागच्या जागी थांबल्या… वळल्या.

दोघं धापा टाकत परत आले. बाईंची पिशवी हेरंबच्या हातात होती. गुरुजींनी स्वतः उठून त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

"पहिली हाक कुठून मारलीस?"

"पायरीवरून. चार हातांवर होत्या."

"आणि वळल्या कुठे?"

"पुलापलीकडे."

"एवढ्या लांब?"

हेरंबनं पत्रिकेवरच्या नावाकडे पाहिलं.

मग त्यानं पत्रिकेची घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली.

"जा तुम्ही, मावशी. येईल की नाही, ते मला नाही सांगता येत. पण जा."

बाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

हेरंब त्यांना स्टँडवर घेऊन गेला. खिडकीजवळची जागा धरून दिली. गाडी निघाली तेव्हा बाईंनी आतून हात हलवला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तोही हलवत राहिला.

परत आला तो दारातच घुटमळला.

"विचार," गुरुजी म्हणाले.

"तरी पण गुरुजी… आठ की दहा?"

गुरुजींना हसू आवरेना. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला.

"गाडी थेट वास्कोला जाते का रे?"

"नाही. पणजीला बदलावी लागते."

"मग आईला लेकापर्यंत पोचायला लागतील, तेवढे धर."